ओल्या हिमनद्यांची नीळ

आमच्या घरातल्या जगाच्या नकाशाला अंटार्क्टिका नव्हती. दक्षिण अमेरिकेचं निमुळतं टोक कापडाच्या तळाशी यायचं, त्याच्याखाली चार बोटं समुद्र आणि मग आईने घातलेली शिवण. कुणी विचारलंच, तर अण्णा गंभीर चेहऱ्याने सांगत, "ती मोर्चाला गेलीय."

अण्णा म्हणजे माझे वडील. लालबागच्या एका शाळेत ते भूगोल शिकवत. परळच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा, आई आणि मी एवढीच माणसं. मोठी बहीण लग्न होऊन नाशिकला गेली होती. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं, त्या वर्षी मी मॅट्रिकला होते आणि राज्य झालं तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. या दोन टोकांच्या मधली वर्षं मला मोर्चांनी, संचारबंदीने आणि भिंतींवरच्या चुन्याच्या अक्षरांनी आठवायला हवीत. तशी ती आठवतातही. पण त्याआधी आठवतो तो वाटीतल्या निळीचा वास.

सुरुवात वर्गातल्या एका मुलीच्या प्रश्नाने झाली. पुस्तकात ओळ होती की हिमनदी म्हणजे बर्फाची वाहती नदी. मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, बर्फ तर दगडासारखा असतो. मग तो वाहतो कसा?"

अण्णा म्हणाले, "उद्या सांगतो." घरी आले आणि कोट न काढताच खुर्चीवर बसले.

"काय झालं?" आईने विचारलं.

"पंधरा वर्षं तेच वाक्य शिकवतोय," अण्णा म्हणाले. "आणि मलाच ठाऊक नाही."

"मग उद्या काय सांगणार?"

"उद्याही ठाऊक नाही, हेच सांगणार."

आणि त्यांनी खरोखर तेच सांगितलं. मग ट्रामने गिरगावातल्या वाचनालयात त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. शाळा सुटली की ते जात आणि दिवेलागणीला परत येत. ज्या दिवशी शहर बंद असे त्या दिवशी चालत जात आणि वाचनालयही बंद पाहून चालतच परत येत. पुस्तकं इंग्रजी, जाड, जुनी. त्यांना ती घरी मिळत नसत. म्हणून ते तिथेच बसून कागदाच्या चिठोऱ्यांवर बारीक अक्षरात उतरवून आणत.

एका रविवारी सकाळी ते मासळीबाजारातून बर्फाचे दोन तुकडे गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. एक कारखान्यातून नुकत्याच उतरलेल्या लादीच्या पोटातून कापून घेतलेला, दुसरा माशांवर पहाटेपासून पडून असलेला. आईने नाक मुरडलं. अण्णांनी मोठी परात मागितली, उपडी घातली, तिच्या पाठीवर ओला हात फिरवला आणि दोन्ही तुकडे ठेवले.

"आता बोट लाव," ते मला म्हणाले.

पहिल्या तुकड्याला बोट चिकटलं. तो कोरडा होता, पांढरट, वाफाळल्यासारखा. दुसरा चकचकीत आणि ओला. अण्णांनी परात एका बाजूने हळूहळू उचलली. ओला तुकडा घसरत खाली गेला आणि जमिनीवर जाऊन भिंतीला आपटला. कोरडा तसाच परातीला धरून राहिला.

"दोन्ही बर्फच," अण्णा म्हणाले. "पण एक आतपर्यंत गारठलेला. तळाच्या खडकालाच गोठून बसलेला. दुसरा वितळण्याच्या अगदी काठावर. वरपासून तळापर्यंत सगळा तसाच. त्याच्या कणाकणांत पाणी असतं, तळाखालून पाणी वाहतं, त्या पाण्यावरून तो सरकतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं, स्थिर आहे."

"आणि ही परात कोण घासणार? मासे लागलेत तिला," आई म्हणाली.

परात दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. अण्णांनी वर्गात तेच करून दाखवलं. ती मुलगी पुढे येऊन बोट लावून गेली. जागेवर बसताना तिने दुसरा प्रश्न विचारला, "सर, अशा ओल्या हिमनद्या जगात कुठे कुठे आहेत?"

पहिल्या प्रश्नाला पंधरा दिवस लागले होते. दुसऱ्याला चार वर्षं लागली.

शाळेतले नकाशे इंग्रजी आणि जुने होते, घड्यांवर फाटलेले. अण्णांनी ठरवलं की जगाचा मोठा नकाशा मराठीत करायचा आणि त्यावर या हिमनद्या दाखवायच्या. "राज्य आपल्या भाषेचं मागतोय," ते म्हणत, "तर जगही आपल्या भाषेत दिसायला नको का मुलांना?" राज्य होईल तेव्हा हा नकाशा शाळेच्या भिंतीवर लागेल, असं ते बोलून गेले. त्या वेळी राज्य कधी होणार हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ती मुदत त्यांना सोयीची वाटली असावी.

हिंदमात्याजवळच्या दुकानातून त्यांनी मांजरपाट आणला. आईने त्याला तांदळाची खळ दिली. वाळल्यावर कापड कागदासारखं ताठ झालं. त्यावर पेन्सिलीने चौकटी पाडून वाचनालयातल्या नकाशावरून एकेक चौकट मोठी करत त्यांनी किनारे काढले. पक्क्या काळ्या शाईने ते गिरवले, नावं लिहिली. डोंगरांसाठी तपकिरी रंग शेजारच्या काकांनी मिलच्या रंगखात्यातून आणून दिला. कितीही धुवा, उडायचा नाही, अशी त्याची ख्याती होती.

हिमनद्यांना मात्र अण्णांनी पक्का रंग लावला नाही. त्यांचा नियम होता की कुठलीही गोष्ट दोन वेगवेगळ्या पुस्तकांत सापडल्याशिवाय ती फळ्यावरही लिहायची नाही. एका पुस्तकात एखादी जागा मिळाली, की ते तिचा चिठोरा टाचणीने नकाशावर टोचून ठेवत. दुसऱ्या पुस्तकात तीच जागा मिळाली, की चिठोरा काढून फाडून टाकत आणि तिथे निळीचा ठिपका देत. कपड्यांना घालतो तीच नीळ, वाटीत भिजवलेली, डिंकाचे दोन थेंब टाकून. "आधी कच्चा रंग," ते म्हणत. "सगळ्या जागा झाल्या, की एकदम पक्का निळा. मध्ये चूक सापडली तर पुसता आली पाहिजे."

नीळ भिजवण्याचं काम आईचं. रविवारी दुपारी जेवणं झाली की कापड जमिनीवर पसरायचं. आई वाटी घेऊन बसायची आणि दुसऱ्या हाताने कापड ताणून धरायची. ती गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. देशांची नावं तिला परकी वाटत, म्हणून तिने आपली नावं ठेवली होती. इटली म्हणजे बूट. दक्षिण अमेरिका म्हणजे मुळा. नॉर्वे म्हणजे कुत्र्याने चावलेली पोळी.

मी एकदा विचारलं, "अण्णा, ध्रुवाजवळ सगळ्यांत जास्त बर्फ, मग तिथे ठिपके कसे नाहीत?"

"तिथला बर्फ कोरडा. ग्रीनलंडच्या मधला, अंटार्क्टिकाच्या आतला. ओली हिमनदी व्हायला समुद्र जवळ लागतो. ओले वारे यायला हवेत, डोंगराला अडायला हवेत, हिवाळ्यात भरपूर हिम पडायला हवं आणि उन्हाळ्यात वरचं हिम वितळून त्याचं पाणी आत मुरायला हवं. ते पाणी आत जाऊन गोठतं आणि गोठताना आपली ऊब बर्फाला देऊन जातं."

आई वाटी ढवळत म्हणाली, "समुद्र, डोंगर आणि ओला वारा. म्हणजे आमचं कोकणच की."

अण्णा हसले. "अगदी बरोबर. हिमनद्यांचं कोकण." त्यानंतर घरात तेच नाव रुळलं. अलास्काचा दक्षिण किनारा म्हणजे तिकडचं कोकण, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाची पश्चिम बाजू म्हणजे आणखी एक कोकण. आई माहेरच्या माणसांची चौकशी करावी तशी विचारायची, "आज कुठलं कोकण?"

अंटार्क्टिका मोर्चाला गेली ती याच काळात. शेजारचे काका मालवणकडचे, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. एका सकाळी ते दारात येऊन उभे राहिले.

"मास्तरांनू, कापड आसा काय? मोर्चाक बॅनर होयो. दुकानां बंद आसत."

घरात दुसरं लांब कापड नव्हतं. अण्णांनी नकाशा उलगडला, थोडा वेळ पाहत राहिले आणि आईकडे कात्री मागितली.

"अहो, एवढं चितारलेलं!" आई म्हणाली.

"ही कोरडी. खडकाला गोठून बसलेली. हिच्यावर मला ठिपका द्यायचाच नाही. हललीच कधी तर या निमित्ताने हलेल." आणि त्यांनी खालची हातभर रुंदीची पट्टी सरळ कापून दिली.

त्या दिवशी लाठीमार झाला. काका कपाळाला पट्टी बांधून परतले आणि आधी आमच्या दारात आले.

"मास्तरांनू, तुमचो खंड पोलिसांनी जप्त केल्यानी."

अण्णा इतके हसले की त्यांना खोकला आला. मग काकांना आत बसवून त्यांनी पट्टी सोडली आणि जखम पाहिली. ती खोल होती. त्यांचं हसू कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

वर्षं अशी गेली. ठिपके वाढत होते, चिठोरेही वाढत होते. ती प्रश्न विचारणारी मुलगी सातवीनंतर शाळेत यायची थांबली. अण्णांनी चौकशी केली, तर घरचे गावी गेले होते. त्या दिवशी त्यांनी नकाशा उघडला नाही. पुढच्या रविवारी मात्र उघडला.

मग राज्य होणार हे नक्की झालं. फेब्रुवारी-मार्चात चाळीत रोज कुणी ना कुणी पेढे वाटत होतं. अण्णांना मुदत एकदम जवळ आलेली दिसली. मे महिन्याच्या सुट्टीत पक्का निळा रंग लावायचा आणि जूनमध्ये शाळा उघडताना नकाशा भिंतीवर, असं त्यांनी हेडमास्तरांना सांगून टाकलं. उरलेले चिठोरे टाचण्यांसकट काढून त्यांनी एका डब्यात ठेवले. नकाशा गुंडाळून, गिरणीच्या काजळीपासून जपायला आपल्या एका जुन्या चादरीत बांधून त्यांनी तो बिछान्याच्या उशाशी ठेवला.

त्या चैत्रात एका सकाळी अंघोळ करून, कोट घालून ते बुटाच्या नाड्या बांधायला बसले. मला म्हणाले, "जरा पाणी दे गं." मी पेला घेऊन आले तेव्हा ते भिंतीला टेकले होते. एका बुटाची नाडी बांधलेली होती.

नाशिकला बहिणीच्या शेजारच्या दुकानात ट्रंक कॉल लावला. ती दुपारी चारपर्यंत पोचणार होती. ऊन वाढत होतं. काका न सांगता खाली गेले आणि बर्फाच्या दोन लाद्या घेऊन आले. भुसा झटकून, गोणपाटात ठेवून त्या अण्णांच्या दोन्ही बाजूंना लावल्या.

मी त्यांच्या पायाशी बसले होते. आल्या तेव्हा लाद्या कोरड्या होत्या, पांढरट, वाफाळल्यासारख्या. बाराच्या सुमारास त्यांच्यावर चकाकी आली. मग गोणपाट भिजला, पाण्याची रेघ उंबऱ्यावरून गॅलरीत गेली आणि तिथून थेंब खाली पडू लागले. खालच्या मजल्यावर कठड्याशी कुणाचे तरी पापड वाळत होते. त्या बाईंनी वर पाहिलं आणि पापड आत घेतले. मला अण्णांचं बोलणं आठवू नये असं वाटत होतं. पण समोर तेच होत होतं, आणि ते मला इतकं नीट समजत होतं की त्या समजण्याचीच लाज वाटली. एकदा मी लादीला बोट लावलं. ते चिकटलं नाही.

आमच्याकडे दहाव्या दिवशी घरातलं सगळं कापड धुवायचं. अंथरुणं, पांघरुणं, पडदे, काही ठेवायचं नाही. शेजारच्या बायका मदतीला आल्या होत्या. पण आई म्हणाली, "त्यांच्या अंगाखालचं मी धुणार." मोरीत सोडा घातलेलं उकळतं पाणी होतं, खोलीभर वाफ. मी बाहेरच्या खोलीत पोस्टकार्डं लिहीत होते. लांबच्या नातेवाइकांना अजून कळवायचं होतं. प्रत्येक कार्डाचा कोपरा फाडायचा, म्हणजे पाहताक्षणी कळतं की बातमी कसली आहे. तोच मजकूर पुन्हा पुन्हा. सातवं की आठवं कार्ड असेल.

आईने आतून विचारलं, "हे उशाशी गाठोडं आहे चादरीचं. हे पण टाकू का गं?"

मी कार्डाचा कोपरा फाडत होते. मी म्हणाले, "टाक."

त्या चादरीत काय आहे हे घरात मला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. गाठ माझ्यासमोर मारली होती. आई नुसती विचारत नव्हती, तिला कळत नव्हतं म्हणून माझ्यावर सोपवत होती. पुढच्या आयुष्यात मी पुष्कळ वाचलं, पण त्या एका शब्दाचं कारण मला कुठे सापडलं नाही. मी तो म्हटला, एवढंच.

दुपारी गॅलरीतून काकूंचा, शेजारच्या काकांच्या बायकोचा, आवाज आला. "वैनीनू, ह्या काय वाळत घातलास?"

मी बाहेर आले. दोरीवर धोतरांच्या आणि चादरींच्या मध्ये जग वाळत होतं. खळ निघून गेल्यामुळे ते मऊ पडलं होतं, वाऱ्याने हलत होतं. किनारे जागच्या जागी होते. नावं होती. डोंगर तपकिरीच होते, मिलचा रंग शब्दाला जागला होता. निळा ठिपका एकही नव्हता. सगळ्या कापडावर सारखी, फिकट निळसर झाक आली होती, पांढऱ्या कपड्यांना नीळ चांगली बसली की येते तशी.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाफेत काळ्या रेघा तेवढ्या दिसल्या होत्या," ती म्हणाली. "मला वाटलं शाईचे डाग. निघत का नाहीत म्हणून मी जास्त घासलं."

'टाक' मीच म्हणाले होते, हे तरी मी तेव्हा म्हणायला हवं होतं. तिने ते ऐकलं होतंच, पण माझ्या तोंडून पुन्हा ऐकलं असतं तर तिच्या वाट्याचं ओझं निम्मं झालं असतं.

चिठोऱ्यांचा डबा तेवढा कपाटात होता. मी तो उघडला. एकेक टाचणीला एकेक कागद, अण्णांचं बारीक अक्षर. वाचत गेले तशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हे सगळे एकाच पुस्तकात सापडलेल्या जागांचे चिठोरे होते, ठिपक्याला न पोचलेल्या. ज्यांची खात्री झाली होती, त्यांचे कागद अण्णांनी स्वतः फाडले होते. त्यांची नोंद फक्त निळीत होती.

नंतरचे पंधरा दिवस आईने कपड्यांना नीळ घातली नाही. राज्य झालं त्या दिवशी खाली ढोल वाजत होते, गुलाल उडत होता. काका वर आले, दारात उभे राहिले. आत यावं की नाही हे त्यांना समजेना. मग अण्णांच्या फोटोकडे पाहून म्हणाले, "मास्तरांनू, झाला." आणि डोळे पुसत खाली गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी अण्णांच्या वाचनालयात जाऊ लागले. तिथले वयस्कर ग्रंथपाल अण्णांना ओळखत होते. त्यांनी अण्णांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. जाड पुस्तकं होती, पण अण्णांनी चार वर्षांत कुठली कुठली पाहिली हे त्यांनाही नेमकं सांगता येईना. महिनाभरात मला एका पुस्तकात बऱ्याच जागा मिळाल्या. दुसरं पुस्तक मिळेना. अण्णांच्या नियमाने एकही ठिपका देता येत नव्हता आणि शाळा उघडायला आठवडा राहिला होता.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी नकाशा जमिनीवर पसरला आणि नुसती बसून राहिले. आई मोरीपाशी काहीतरी आवरत होती. ती आली, पलीकडे बसली आणि सवयीने कापडाची कड ताणून धरली.

"इथे होता एक," ती म्हणाली. तिचं बोट आल्प्सवर होतं. "बुटाच्या वर. एक नाही, तीन-चार. आणि ह्या चावलेल्या पोळीच्या कडेने. इथे पाण्यात हा एकटा तुकडा आहे ना, ह्याच्यावर मोठा दिला होता, वाटी संपली होती त्या दिवशी."

"आइसलँड," मी म्हणाले.

"असेल. मग ह्या बाजूला, वर." ती अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावरून बोट ओढत कॅनडाच्या पश्चिमेने खाली अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यापर्यंत आली. "हे लांब कोकण. ह्याला तीन रविवार लागले. मुळ्याच्या शेंड्याकडे, डाव्या अंगाला. ह्या दोन बेटांतल्या खालच्या बेटावर. दोन समुद्रांच्या मधल्या ह्या डोंगरावर." तो कॉकेशस होता. "आणि आपल्या हिमालयात इकडे नाही दिला, पार तिकडे, पूर्वेच्या टोकाला. पाऊस जास्त पडतो म्हणाले होते तिथे."

मी वही उघडून माझ्या एका पुस्तकाशी ताडून पाहत होते. जुळत होतं. एकामागून एक जुळत होतं. अण्णांना दोन साक्षी लागत. एक पुस्तकाची होती. दुसरी माझ्यासमोर बसली होती, आणि तिने आजवर एकही देश नावाने ओळखला नव्हता.

"आणि हा," आई म्हणाली. तिने ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरच्या न्यू गिनी बेटावर बोट ठेवलं. "हा पक्षी. ह्याच्या पाठीवर एक बारीकसा."

"तिथे नसेल, आई. त्याला लागूनच विषुववृत्त जातं. तिथे आपल्यापेक्षा उकाडा."

"मी पण हेच म्हटलं होतं. ते हसले होते."

"दुसऱ्या कशाला तरी हसले असतील. माझ्या पुस्तकात नाही."

आईने बोट उचललं. "बरं," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं." मग जरा वेळाने, "नीळ भिजवू?"

मी पक्का रंग आणलेला होता. पण आधी कच्चा रंग लावायचा हे ठरलेलं होतं. आम्ही दोघींनी त्या दुपारी नीळ लावली आणि दोन दिवसांनी त्यावरून पक्का निळा. पक्ष्याची पाठ कोरी राहिली.

जूनमध्ये नकाशा शाळेत लागला. हेडमास्तरांनी खिळा स्वतः ठोकला. खालच्या शिवणीकडे पाहून त्यांनी विचारलं, "इथे काहीतरी कमी आहे का?" अण्णा द्यायचे ते उत्तर माझ्या ओठांवर येतंय तोच मागे उभी असलेली आई म्हणाली, "ती मोर्चाला गेलीय." हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. आईचं ते वर्गात बोललेलं एकमेव वाक्य. गेल्या दोन महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच थोडं हसताना पाहिलं.

पुढे मी ग्रंथालयातच नोकरी धरली. काही वर्षांनी नव्याने आलेल्या पुस्तकांची नोंद करताना एक पान उघडं राहिलं. न्यू गिनीच्या उंच डोंगरावर, विषुववृत्तापासून जेमतेम थोड्या अंतरावर बर्फ आहे, हिमनद्या आहेत, आणि त्या ओल्या जातीच्या आहेत. मी संध्याकाळी घरी आले. आई पोळ्या लाटत होती. मी तिला सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. लाटणं थांबलं नाही.

"मग त्या दिवशी ठामपणे का नाही म्हणालीस?"

"तू शिकलेली." तिने पोळी तव्यावर टाकली. "आणि मी एकदा जग धुऊन बसले होते. परत कुठल्या तोंडाने बोलणार?"

"आई, टाक म्हणून मी सांगितलं होतं."

"हो, ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "बस आता, पोळी गरम आहे."

नकाशा तेव्हा शाळेत होता. जाऊन ठिपका द्यायचा असं मी किती वेळा ठरवलं. मग शाळेला छापील नकाशे आले आणि आमचा गुंडाळून घरी परत आला. तो मी पेटीत ठेवला. पेटीतल्या वस्तूंना घाई नसते, असं आपल्याला वाटतं.

आई या वर्षी गेली. बरीच वर्षं जगली, शेवटपर्यंत कपडे स्वतः धुतले. दहाव्या दिवशी घरातलं सगळं कापड धुवायला काढलं तेव्हा भाचीने विचारलं, "मावशी, पेटीत एक जुनं गाठोडं आहे. हे पण टाकायचं का?"

मी म्हणाले, "नाही." आणि उठून ते तिच्या हातातून घेतलं.

दुपारी मी नीळ भिजवली. आता ती बाटलीत पातळ मिळते, पण वाण्याकडे जुनी पुडी सापडली. डिंकाचे दोन थेंब टाकले. कापड ताणून धरायला पलीकडे कुणी नव्हतं, म्हणून कडेवर दोन पुस्तकं ठेवली. पक्ष्याच्या पाठीवर, आईने बोट ठेवलं होतं तिथे, बारीकसा ठिपका दिला. तिथला बर्फ आता संपत आला आहे, असं मी अलीकडेच वाचलं होतं. काही वर्षांत तो उरणार नाही म्हणतात.

पक्का निळा रंग मी त्यावरून लावला नाही. वाटीत नीळ उरली होती. आईचं शेवटचं पांढरं लुगडं तेवढं धुवायचं राहिलं होतं. ते मी त्यात बुडवलं, पिळलं आणि गॅलरीतल्या दोरीवर घातलं.